घरी जोडलेल्या संगणकात प्रोसेसर आणि कूलर सुरक्षितपणे कसे बसवावेत

घरी संगणक जोडताना सर्वांत जास्त धास्ती वाटते ती मदरबोर्डवर (सगळे भाग जोडले जातात त्या मुख्य पाटीवर) प्रोसेसर, म्हणजे सगळी गणिते करणारी चिप, बसवण्याची आणि त्यावर तिची उष्णता काढून घेणारा कूलर आवळण्याची. ही धास्ती अनाठायी म्हणता येणार नाही. रॅम किंवा एसएसडी बसवताना झालेली चूक बहुधा काढून पुन्हा घातली की सुधारते. सॉकेटमधली, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेतली, एखादी बारीक पिन वाकली तर मात्र पूर्ण मदरबोर्ड बदलण्याची वेळ येते आणि असे नुकसान वॉरंटीत बसत नाही. तरीही हे काम अवघड नाही. माझ्या पाहण्यात आलेली बहुतेक नुकसाने जोर चुकीच्या जागी लावल्यामुळे झालेली आहेत. प्रोसेसर सॉकेटवर ठेवताना अजिबात जोर लावायचा नसतो, सॉकेटचा लिव्हर (प्रोसेसर दाबून धरणारी दांडी) खाली घेताना तो चांगलाच लावावा लागतो, आणि कूलरचे स्क्रू आवळताना तो चारही कोपऱ्यांवर सारखा वाटला जाईल असे पाहावे लागते. एवढा हिशेब हाताला बसला की उरलेले काम सावकाश आणि नीट पाहून करण्याचे आहे.

सामान घेण्याआधी

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे सॉकेट एकच असले पाहिजे, हे बहुतेकांना ठाऊक असते. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी एलजीए १७०० हे सॉकेट आहे आणि २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ आहे. प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिच्या रायझेन ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर एएम४ सॉकेटवर बसतात, तर २०२२ मध्ये आलेल्या रायझेन ७००० पासून पुढे एएम५ सॉकेट वापरले जाते. परंतु सॉकेट जुळले म्हणजे सगळे जुळले, असे नाही. दुकानात बराच काळ पडून राहिलेल्या मदरबोर्डमधले बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) जुने असेल, तर त्या सॉकेटचा नंतर आलेला प्रोसेसर ते ओळखत नाही आणि संगणक सुरूच होत नाही. म्हणून मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपला प्रोसेसर कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो हे पाहावे, आणि शक्य असल्यास विक्रेत्याकडूनच बायोस अद्ययावत करून घ्यावे. हे काम घरी करायचे झाले तर संगणक यूपीएसवर असावा. पुण्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड बंद पडू शकतो.

किंमत विचारताना एखाद्या ठिकाणी फारच कमी भाव सांगितला गेला, तर प्रोसेसर खोक्यातला आहे की ‘ट्रे’चा, म्हणजे खोक्याशिवाय सुटा विकला जाणारा, हे स्पष्ट विचारावे. खोक्यातल्या प्रोसेसरावर उत्पादकाची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेच्या प्रोसेसरासोबत ती तशी मिळत नाही आणि कूलरही येत नाही. खोक्यातल्या प्रत्येक प्रोसेसरासोबत कूलर असतोच, असेही गृहीत धरू नये. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावात ‘के’ असते त्यांच्यासोबत कूलर नसतो. एएमडीच्या रायझेन ५ ७६०० सोबत रेथ स्टेल्थ हा छोटा कूलर मिळतो, पण रायझेन ५ ७६००एक्स सोबत मिळत नाही.

वेगळा कूलर घेताना त्याची उंची आणि कॅबिनेटमध्ये (संगणकाच्या पेटीत) मावणारी कमाल उंची यांचा मेळ घालावा. उभ्या, म्हणजे टॉवर प्रकारच्या कूलरांची उंची बहुधा १५५ ते १६५ मिलिमीटर असते आणि लहान कॅबिनेटांत ते मावत नाहीत. जुन्या संगणकातला कूलर नव्यात वापरायचा असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. इंटेलच्या एलजीए ११५१ आणि १२०० या सॉकेटांभोवतीची कूलर आवळण्याची छिद्रे ७५ मिलिमीटर अंतरावर होती. एलजीए १७०० वर ती ७८ मिलिमीटरवर गेली. तीन मिलिमीटरांचा फरक किरकोळ वाटतो, पण कूलर धरणारी जुनी पट्टी ओढूनताणून बसवली की कूलर तिरका टेकतो. अशा वेळी कूलरच्या कंपनीकडून नव्या सॉकेटची पट्टी मागवून घ्यावी.

हत्यारे फार लागत नाहीत. मध्यम आकाराचा, चुंबकी टोक असलेला फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, धागे न सोडणारे मायक्रोफायबरचे कापड, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायच्या थर्मल पेस्टची लहान ट्यूब आणि पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढे पुरते. अल्कोहोल आणि मनगटाला बांधायचा अँटीस्टॅटिक पट्टा बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात; विद्युत उपकरणांसाठी तापकीर गल्लीत जाणाऱ्यांना ही दुकाने तिथून जवळच आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलऐवजी घरातले सॅनिटायझर वापरू नये, कारण त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात आणि त्यांचा थर धातूवर मागे राहतो. नेलपॉलिश काढायचा द्रवही चालत नाही.

स्थिर विद्युत आणि अर्थिंग

पुण्याची हवा वर्षभर सारखी नसते, आणि या कामाच्या दृष्टीने तो फरक महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात हवेत दमटपणा भरपूर असल्यामुळे अंगावर स्थिर विद्युत फारशी साठत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत मात्र स्वेटर काढताना जी चटचट ऐकू येते, तीच विद्युत बोटांतून मदरबोर्डमध्ये उतरू शकते. माणसाला तिचा झटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे. इलेक्ट्रॉनिक भागांना मात्र त्याहून पुष्कळ कमी व्होल्टने इजा होऊ शकते. म्हणजेच झटका जाणवला नाही म्हणून नुकसान झाले नाही, असे म्हणता येत नाही. हिवाळ्यात काम करताना लोकरीचे आणि नायलॉनचे कपडे बाजूला ठेवावेत, सुती कपडे घालावेत, गालिचावर उभे राहू नये आणि लाकडी टेबलावर काम करावे.

अंगावरची विद्युत जमिनीत जाण्यासाठी वाट हवी. त्यासाठी एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटमध्ये बसवून त्याची तीन पिनांची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालावी, पण भिंतीवरचे बटण आणि एसएमपीएसच्या मागचे बटण ही दोन्ही बंद ठेवावीत. बटण बंद असले तरी अर्थिंगची वायर जोडलेलीच राहते, त्यामुळे कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला स्पर्श केला की अंगावरचा भार उतरतो. मनगटी पट्ट्याची चिमटी याच धातूला लावावी. मदरबोर्डला एसएमपीएसच्या वायरी जोडल्यानंतर मात्र त्यावर काही काम करायचे असेल, तर भिंतीतली पिन पूर्ण काढून घ्यावी. संगणक बंद दिसत असला तरी मागचे बटण चालू राहिले असेल, तर मदरबोर्डपर्यंत ५ व्होल्टचा पुरवठा चालूच असतो.

ही सगळी व्यवस्था घरात अर्थिंग असेल तरच उपयोगाची आहे. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि काही जुन्या इमारतींत तीन छिद्रांचे सॉकेट दिसते, पण तिसऱ्या छिद्रामागे वायरच नसते. असे असेल तर कॅबिनेटला हात लावताना बारीक मुंग्या येतात. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेणे, हे प्रोसेसर वाचवण्यापेक्षाही माणूस वाचवण्यासाठी आवश्यक आहे. तोपर्यंत मदरबोर्ड पिशवीतून काढण्याआधी एक हात पिशवीवर आणि दुसरा कॅबिनेटच्या धातूवर काही क्षण ठेवावा, म्हणजे तिघांमधला विद्युतभार सारखा होतो.

प्रोसेसर बसवणे

प्रोसेसर आणि कूलर हे मदरबोर्ड कॅबिनेटच्या बाहेर असतानाच बसवावेत. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर, सोबत आलेल्या फोमच्या तुकड्यावर ठेवावा. उजेड भरपूर असावा. हवेने धूळ उडते म्हणून काही जण छताचा पंखा बंद करून बसतात, पण मे महिन्यात ते करू नये. कपाळावरचा घाम सॉकेटमध्ये पडण्याचा धोका धुळीपेक्षा मोठा आहे. पंखा मंद ठेवावा आणि जवळ कोरडा रुमाल असावा.

इंटेलचे सध्याचे सॉकेट आणि एएमडीचे एएम५ यांमध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरच्या पोटाला सोनेरी सपाट ठिपके असतात. सॉकेटवर काळे प्लास्टिकचे टोपण असते. हे टोपण आधी काढू नये. लिव्हर किंचित खाली दाबून बाहेरच्या बाजूला सरकवावा, म्हणजे तो खाचेतून सुटतो. मग तो पूर्ण वर न्यावा आणि धातूची प्लेट टोपणासकट उघडावी. आता पिना उघड्या पडतात. त्यांच्यावर बोट, कापड, फुंकर यांपैकी काहीही जाऊ देऊ नये. मोबाईलचा टॉर्च एका बाजूने तिरका धरला तर पिनांवरचा प्रकाश एकसारख्या रांगांत चमकतो, आणि एखादी पिन वाकलेली असेल तर त्या ठिकाणी चमक तुटलेली किंवा वेगळ्या दिशेला वळलेली दिसते. असे काही दिसले तर तिथेच थांबून विक्रेत्याशी बोलावे. काही दिसले नाही तरी याच वेळी सॉकेटचे एक स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे. पुढे वॉरंटीचा प्रश्न आला आणि पिना आधीपासून वाकल्या होत्या की नंतर, असा वाद निघाला, तर हेच छायाचित्र उपयोगी पडते.

प्रोसेसर नेहमी दोन बोटांनी कडांना धरावा. त्याच्या एका कोपऱ्यावर लहान सोनेरी त्रिकोण असतो आणि सॉकेटच्या किंवा त्याच्या चौकटीच्या एका कोपऱ्यावरही तशीच खूण असते. या दोन खुणा एकाच बाजूला आल्या पाहिजेत. शिवाय प्रोसेसरच्या कडेला अर्धगोल खाचा असतात आणि सॉकेटमध्ये त्यांच्या समोर लहान उंचवटे असतात. दिशा जुळली की प्रोसेसर सरळ वरून खाली आणून हलकेच सोडावा. बसल्यावर तो इकडेतिकडे सरकवू नये, कारण त्याच्या खाली पिना आहेत. चारही कडा एका पातळीत दिसत नसतील, तर तो सरळ वर उचलून पुन्हा ठेवावा. या टप्प्यावर वरून दाबण्याचे कोणतेही कारण नसते.

आता प्लेट खाली घेऊन लिव्हर दाबायचा असतो, आणि नवख्या माणसाचा हात थांबतो तो इथेच. लिव्हर जड जातो. त्यातून करकर असा आवाजही येतो आणि आपण काहीतरी मोडत आहोत असे वाटते. प्रोसेसर सपाट बसला असल्याची खात्री केलेली असेल तर घाबरून मध्येच सोडू नये. एकसंध जोर देत लिव्हर खाली न्यावा आणि खाचेत अडकवावा. हजारापेक्षा जास्त पिनांवर प्रोसेसर दाबून धरण्यासाठी हा जोर लागतोच. एएम५ वर तर अशा १७१८ जागा आहेत. लिव्हर खाली जात असतानाच काळे टोपण टच्‌कन वर उसळते. ते फेकू नये, मदरबोर्डच्या खोक्यात जपून ठेवावे. मदरबोर्ड कधी दुरुस्तीला पाठवावा लागला तर ते टोपण सॉकेटवर लावूनच पाठवायचे असते.

एएम४ ची रीत वेगळी आहे. तिथे पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, म्हणून प्रोसेसर टेबलावर पिना खाली करून कधीही ठेवू नये. लिव्हर पूर्ण उभा करावा, त्रिकोण जुळवावा आणि प्रोसेसर सॉकेटवर ठेवावा. सर्व पिना छिद्रांसमोर आल्या की तो स्वतःच्या वजनानेच खाली उतरतो. उतरला नाही तर लिव्हर पूर्ण उभा आहे का हे पाहावे आणि पोटाकडून पिनांच्या रांगा तपासाव्यात. एखादी पिन थोडी वाकलेली असेल, तर जुने एटीएम कार्ड रांगांमधून सावकाश सरकवून ती सरळ करता येते, किंवा शिसे काढलेल्या यांत्रिक पेन्सिलीच्या नळीत ती पिन घेऊन हळूच उभी करता येते. हे काम अगदी थोड्या थोड्या हालचालीने करावे, कारण एकच पिन पुन्हा पुन्हा इकडेतिकडे वाकवली तर ती तुटते. एएम४ चा लिव्हर सहज खाली जातो. तो जड गेला तर समजावे की प्रोसेसर नीट उतरलेला नाही.

थर्मल पेस्ट

प्रोसेसरचा माथा आणि कूलरचा तळ हे दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खड्डे असतात आणि त्या खड्ड्यांत हवा अडकते. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत हवा अत्यंत निकृष्ट आहे: तिची उष्णतावाहकता साधारण ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्विन भरते, तांब्याची सुमारे ४०० भरते आणि चांगल्या पेस्टची काही एकक, म्हणजे हवेच्या शेकडो पट. यावरून दोन गोष्टी कळतात. पेस्ट नसेल किंवा अपुरी असेल तर उष्णता हवेत अडते; आणि पेस्टचा थर विनाकारण जाड असेल तर धातूला धातू जवळ येण्याऐवजी मध्ये कमी वाहक पदार्थाची भिंत राहते. मात्र या दोन चुकांपैकी पहिली अधिक घातक आहे. जास्तीची पेस्ट कूलर आवळल्यावर कडेने बाहेर येते आणि बहुतेक पेस्टी वीजवाहक नसल्यामुळे पसाऱ्यापलीकडे काही होत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा किंचित जास्त घ्यावी.

एएम४ सारख्या चौकोनी प्रोसेसरावर मधोमध तुरीच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो. एलजीए १७०० चा प्रोसेसर ४५ बाय ३७.५ मिलिमीटरचा, म्हणजे लांबट असतो, त्यामुळे त्यावर लांबीच्या दिशेने एक जाडसर रेघ किंवा मध्यभागी एक ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे चार बारीक ठिपके द्यावेत. बोटाने पसरवू नये. त्याने हवेचे बुडबुडे अडकतात आणि बोटाचे तेल लागते. कूलरचा दाबच ती पसरवतो. एएम५ प्रोसेसरच्या माथ्याला कडेने खाचा आहेत आणि त्यांत लहान घटक उघडे दिसतात. तिथे साधी पेस्ट गेली म्हणून कोरत बसू नये. ‘लिक्विड मेटल’ नावाने मिळणारा पदार्थ मात्र पहिल्यांदा संगणक जोडणाऱ्याने वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो वीजवाहक आहे, त्यातील गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरतो, आणि त्याचा एक थेंब चुकीच्या जागी पडला तर सगळे सामान जाते.

खोक्यातल्या कूलरच्या तळाला बहुधा आधीच पेस्टचा थर दिलेला असतो. त्याला हात लावू नये आणि वरून आणखी पेस्टही घालू नये. कूलर एकदा टेकवून पुन्हा उचलला गेला, तर मात्र दोन्ही पृष्ठभाग अल्कोहोलने स्वच्छ पुसून नवी पेस्ट द्यावी. पसरलेल्या पेस्टवर कूलर पुन्हा ठेवला की मध्ये हवा राहते.

कूलर आवळणे

कूलर हातात घेतल्यावर सर्वांत आधी तो उलटा करून तळ पाहावा. सुट्या विकत मिळणाऱ्या कूलरांच्या तळाला पातळ पारदर्शक संरक्षक पट्टी चिकटवलेली असते. कर्वेनगरातल्या एका विद्यार्थ्याने नवा संगणक जोडला आणि तो सुरू केल्यावर काही सेकंदांतच तापमान ९० अंशांच्या पुढे जाऊ लागले, म्हणून त्याने मला बोलावले. पंखा व्यवस्थित फिरत होता आणि स्क्रू घट्ट होते. कूलर उचलला तेव्हा पेस्ट सुंदर गोलाकार पसरलेली होती, पण ती पट्टीवर, आणि पट्टीवरची ‘वापरण्यापूर्वी काढावी’ ही इंग्रजी सूचना पेस्टमधून स्पष्ट वाचता येत होती. पट्टी काढली, नवी पेस्ट दिली आणि तेच काम करताना तापमान साठीच्या घरात राहिले.

इंटेलसोबत येणाऱ्या छोट्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, आणि तो खुंटी सोडवण्याची दिशा दाखवतो. बसवताना चारही डोकी बाणाच्या विरुद्ध दिशेने शेवटपर्यंत फिरवून ठेवावीत, खुंट्या चारही छिद्रांत बरोबर उतरल्या आहेत हे पाहावे, आणि मग समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरील खुंट्या एकाच वेळी अंगठ्यांनी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबाव्यात. त्यानंतर उरलेल्या दोन. इथे जोर लागतो आणि मदरबोर्ड किंचित वाकतोही, म्हणून तो खोक्यावर सपाट असावा. आवाज आला म्हणून थांबू नये. मदरबोर्ड कडेला उभा करून मागून पाहावे: चारही छिद्रांतून पांढरे पाय फाकून बाहेर आलेले आणि त्यांच्यामध्ये काळी खुंटी दिसली पाहिजे. एक जरी अर्धवट राहिली तरी कूलर त्या कोपऱ्यावर उचललेला राहतो आणि संगणक तापतो. या कूलरबद्दल येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुधा अशा अर्धवट खुंटीतच सापडते.

एएमडीच्या रेथ स्टेल्थला चार स्प्रिंगचे स्क्रू असतात. तो बसवण्याआधी सॉकेटच्या दोन बाजूंना असलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात. एएम४ वर याच पट्ट्यांच्या स्क्रूंनी मदरबोर्डच्या मागची धातूची प्लेट धरलेली असते, त्यामुळे ते काढले की ती मागून गळून पडते. दुसऱ्या हाताने ती धरून ठेवावी. एएम५ वर मागची प्लेट सॉकेटलाच जोडलेली असल्याने ही अडचण येत नाही.

टॉवर प्रकारचा कूलर बसवताना त्याच्या पुस्तिकेत आपल्या सॉकेटसाठी दाखवलेल्याच पट्ट्या आणि स्क्रू वापरावेत. एकाच खोक्यात चार-पाच सॉकेटांचे सामान असते आणि जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन स्क्रूंच्या लांबीत फरक असतो. कूलर प्रोसेसरवर सरळ वरून ठेवावा. मग एका कोपऱ्याचा स्क्रू दोन-तीन फेरे, त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्याचा तेवढाच, नंतर उरलेले दोन, असे पाळीपाळीने करत सगळे थांबेपर्यंत आवळावेत. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला तर कूलर तिरका होऊन पेस्ट दुसऱ्या बाजूला ढकलली जाते आणि प्रोसेसरच्या एका कडेवर नको तेवढा दाब येतो. स्प्रिंगच्या स्क्रूंना थांबण्याची जागा ठरलेली असते. तिथे पोहोचल्यावर आणखी पिळू नये.

पंख्याची हवा कोणत्या दिशेने जाते हे पंख्याच्या चौकटीवरून कळते. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. टॉवर कूलरची हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे जाईल अशी दिशा ठेवावी. पाण्यावर चालणारा बंदिस्त कूलर घेतला असेल तर आवळण्याचे नियम हेच आहेत. एवढेच पाहावे की पंप हा पाणी फिरण्याच्या वळशातला सर्वांत उंच भाग राहू नये, कारण आतली हवा वर जमते आणि ती पंपात साठली तर आवाज येतो आणि पंप लवकर झिजतो.

वायरी आणि पहिली सुरुवात

कूलरच्या पंख्याची वायर मदरबोर्डवरच्या ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या चार पिनांवरच लावावी. ती दुसरीकडे लावली तर पंखा फिरत नाही असे समजून मदरबोर्ड सुरू होताना तक्रार करतो. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर वेगळी असते आणि ती बहुधा मदरबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते. मोठा कूलर बसल्यावर तिथे हात जात नाही, म्हणून मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी वायरीची वाट ठरवून ठेवावी. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला तशीच असते; ती सहा आणि दोन पिनांत विभागते, प्रोसेसरची बहुधा चार आणि चार पिनांत. एकीच्या जागी दुसरी जोर देऊन घुसवण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला तर लगेच प्रोसेसर काढायला घेऊ नये. एएम५ वर पहिल्या वेळी मदरबोर्ड रॅमची जुळवणी करत असतो आणि त्याला काही मिनिटे लागू शकतात. या काळात बटण दाबून बंद करण्याचा मोह आवरावा. शिवाय इंटेलच्या ‘एफ’ अक्षराच्या प्रोसेसरांत अंतर्गत ग्राफिक्स नसते, त्यामुळे मॉनिटरची वायर मदरबोर्डऐवजी ग्राफिक्स कार्डाला जोडली आहे का, हेही पाहावे.

बायोसमध्ये शिरल्यावर प्रोसेसरचे तापमान पाहावे. ते चाळीस-पन्नासच्या आसपास स्थिर असेल तर पुढे जावे. पाहता पाहता ८०–९० कडे चढत असेल तर लगेच बंद करून कूलरची बैठक तपासावी. विंडोज बसवल्यानंतर सिनेबेंचसारख्या चाचणीने पंधरा-वीस मिनिटे पूर्ण भार द्यावा आणि तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये आकडे पाहावेत. आकड्यांचा अर्थ प्रोसेसरप्रमाणे बदलतो. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, रायझेन ७००० मधील बहुतेकांची ९५, तर रायझेन ७ ७८००एक्स३डी ची ८९ आहे. रायझेन ७००० चे ‘एक्स’ प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ पर्यंत जाऊन तिथेच राहतील अशा पद्धतीने घडवलेले आहेत, त्यामुळे त्यांच्याबाबत केवळ आकडा पाहून कूलर वाईट बसला असा निष्कर्ष काढू नये. ६५ वॉटचा प्रोसेसर मात्र सुरुवातीच्या काही सेकंदांत मर्यादेला टेकत असेल, तर बैठकीत दोष आहे असेच धरावे.

आणखी एक गोष्ट पुण्यातल्या वाचकांनी लक्षात घ्यावी. कोणताही साधा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, आणि खोली जेवढी तापते तेवढाच प्रोसेसरही जवळपास तापतो. जानेवारीच्या सकाळी २० अंशांच्या खोलीत घेतलेल्या चाचणीत ७८ आले, तर एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांच्या खोलीत तोच संगणक त्याच कामाला ९० च्या पुढे जाईल. म्हणून हिवाळ्यात जोडलेल्या संगणकाला कमाल मर्यादेपर्यंत किमान १५ अंशांची सवड आहे का, हे तेव्हाच पाहून ठेवावे. सवड नसेल तर बायोसमधून वीजमर्यादा कमी करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. त्याने वेग थोडाच कमी होतो आणि उष्णता बरीच उतरते.

कूलर पुन्हा काढताना

एएम४ वर कूलर सरळ वर ओढणे हे या सगळ्या कामातले सर्वांत धोक्याचे कृत्य आहे. जुनी पेस्ट चिकट झालेली असते आणि लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपसला जाऊन कूलरला चिकटून बाहेर येतो. तो खाली पडला किंवा तिरका आला की पिना वाकतात. म्हणून आधी संगणक थोडा वेळ भाराखाली चालवून पेस्ट गरम करावी, मग बंद करून भिंतीतली पिन काढावी, स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत, आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळून पेस्टची पकड सुटल्यावरच उचलावा. इंटेल आणि एएम५ वर प्लेट प्रोसेसरला धरून ठेवते, तरी पिळण्याची सवय तिथेही चांगली.

पुण्यात शिकायला आलेले विद्यार्थी सुट्टीत संगणक गावी नेतात, तेव्हा टॉवर कूलरचा विचार करावा. मोठ्या कूलरचे वजन एक किलोच्या वर जाते आणि कॅबिनेट उभे असताना ते सगळे मदरबोर्डवर आडवे लटकलेले असते. गाडीत कॅबिनेट आडवे ठेवावे, मदरबोर्डची बाजू खाली, म्हणजे कूलर सरळ उभा राहतो आणि खड्ड्यांचे हादरे छिद्रांवर येत नाहीत. फार लांबचा प्रवास असेल किंवा संगणक कुरिअरने पाठवायचा असेल, तर कूलर काढून वेगळा बांधावा आणि पोहोचल्यावर नवी पेस्ट देऊन बसवावा. कूलर न काढता नेला असेल, तर घरी पोहोचल्यावर वीज जोडण्याआधी बाजूचा पत्रा उघडून चारही स्क्रू घट्ट आहेत का आणि पंख्याची वायर सुटलेली नाही ना, एवढे पाहून घ्यावे.